डिकीतल्या कॅसेटी

थाप मारायची तर चेहरा न पाडता मारावी, असं माझं मत आहे. त्या हिवाळ्यात मी माझ्या सख्ख्या बापाला एकच थाप पुन्हा पुन्हा मारली आणि एकदाही चेहरा पाडला नाही. नवरा म्हणायचा, "यार, तू वकील व्हायला हवी होतीस." मी म्हणायचे, "तू गप्प बस आणि डिकी नीट लॉक कर."

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत, एडिसनला राहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर बोंबलणार, या भीतीने आमच्यासारख्या प्रोग्रामर लोकांना बरे दिवस आले होते. नवरा ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा, मी गाडी ड्राइव्ह करत एका इन्शुरन्स कंपनीत. त्या वर्षी मे महिन्यात नागपूरला माझी आई गेली. सकाळी ऑफिसला निघताना फोन आला. आमच्या ग्रीन कार्डाचे कागद नेमके अशा टप्प्यावर अडकले होते, की देशाबाहेर पाय टाकला असता तर परत आत येता आलं नसतं. वकील म्हणाला, जाऊ नका. नवरा म्हणाला, तुला जायचं तर जा, पुढचं पुढे बघू. मी नाही गेले. मी एकुलती एक, आणि आईला शेवटचं नेलं ते चुलतभावांनी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोणीतरी फोनचा रिसीव्हर भन्तेजींसमोर धरला, आणि मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून त्रिशरण ऐकलं. तेही पुरतं नाही, लाइन मध्येच कट झाली.

सप्टेंबरात बाबा आले. विमानतळावर त्यांच्या पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मारला, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस परत जात नाही. माझं सरळ गणित होतं. आईच्या वेळी मी पोचले नाही. बाबा आता तिथे एकटे राहणार, एकटे जेवणार, आणि एक दिवस पुन्हा सकाळी फोन येणार. ते मला चालणार नव्हतं. सहा महिन्यांत त्यांचं मन वळवायचं, कागदपत्रं करायची आणि त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं. बाबांचं मात्र आल्या दिवसापासून एकच पालुपद, "डिसेंबरचं तिकीट आहे, डिसेंबरात जातो. जावयाच्या घरी किती दिवस बसून खायचं?"

"बसून कुठे? भांडी तुम्हीच लावता ना डिशवॉशरमध्ये!"

"ते मशीन घासते वं. मी काय, नुसती कवायतीला उभी करतो."

बाबा कॉलेजच्या ग्रंथालयातून रिटायर झालेले. बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते असं. त्यांना धरून ठेवायचं तर जेवणखाण, कपडेलत्ते यांचा काही उपयोग नव्हता. ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात नेऊन मिठाईच्या दुकानात उभं केलं, तर एक पेढा खाऊन म्हणाले, "बरा आहे," आणि गाडीत जाऊन बसले. दिवसभर आम्ही दोघं ऑफिसात. गाडीशिवाय इथे माणूस कुठे जाणार? सगळ्यांच्या आईबापांचं तेच व्हायचं. खिडकीत बसायचं आणि पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघायच्या.

मग ऑक्टोबरात आमच्या पब्लिक लायब्ररीत मला तो सिनेमा दिसला. कॅसेटींच्या कपाटात खालच्या फळीवर एक जाडजूड खोका. आत चार कॅसेटी. जुन्या, गाजलेल्या रशियन कादंबरीवरचा युद्धाचा सिनेमा, तिकडच्याच लोकांनी काढलेला, जवळपास सात तासांचा. मी तिथेच फळीसमोर खाली बसले.

कारण ती कादंबरी आमच्या घरात होती. आमच्या लहानपणी रशियन पुस्तकांची गाडी गावोगाव फिरायची, तिच्यावरून बाबांनी ते जाड जाड खंड आणले होते. आई हॉस्पिटलात सिस्टर. रविवारी तिची ड्यूटी नसली की ती तांदूळ निवडत बसायची आणि बाबा तिला वाचून दाखवायचे. वाचायचे इंग्रजीतून आणि सांगायचे मराठीतून, तिथल्या तिथे. कित्येक वर्षं ते चाललं होतं. आईला ती लांबलचक नावं पाठ व्हायची नाहीत. ती म्हणायची, "तो चष्मेवाला काय करतो मग?" किंवा "त्या उंच पोराचं काय झालं?" आणि लढाई सुरू झाली की पहिला प्रश्न, "जखमी लोकांना उचलायला कोणी आहे की नाही तिथे?" नसलं की ती त्या सेनापतीला अशा शिव्या घालायची, की बाबांना पुस्तक मिटून हसावं लागायचं.

खोका घेऊन मी पार्किंगमध्ये आले, आणि गाडी सुरू करता करता डोक्यात आलं. चारही कॅसेटी एकदम नेल्या, तर बाबा शनिवार-रविवारात सिनेमा संपवतील आणि डिसेंबरात चालू लागतील. मी पहिली कॅसेट पर्समध्ये टाकली. बाकीच्या तीन डिकीत, बर्फ झाडायच्या ब्रशाखाली.

"लायब्ररी एका वेळी एकच भाग देते," मी घरी सांगितलं. "पुढच्या भागाला वेटिंग लिस्ट आहे."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "वेगवेगळे भाग देतात?"

"अमेरिकेत असंच असतं, बाबा."

हे आमचं सगळ्यांचं हुकमी वाक्य होतं. देशातून आईवडील आले की त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. फोनवर विचारल्याशिवाय कोणाकडे जायचं नाही? अमेरिकेत असंच असतं. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत? अमेरिकेत असंच असतं. निम्म्या वेळा आम्हालाही खरं काय ते ठाऊक नसायचं, पण त्या वाक्यापुढे बिचारे काही बोलू शकायचे नाहीत. बाबाही बोलले नाहीत.

पहिला भाग आम्ही एका रविवारी पाहिला. इंग्रजीत डब केलेला, आणि तोही असा, की माणसाचं तोंड मिटलं तरी आवाज चालूच. पण काय तो पसारा! डोंगरापासून नदीपर्यंत शिपाईच शिपाई, घोडे, तोफा, धूर. नवरा म्हणाला, "हे सगळं कॉम्प्युटरवर केलं असेल." बाबा म्हणाले, "त्या वेळी कुठला कॉम्प्युटर? खरे शिपाई आणून उभे केलेत. बघ ना, कंटाळलेत बिचारे." आणि खरंच, मागच्या रांगेतला एक पोरगा या पायावरून त्या पायावर भार टाकत होता. बाबा पुढे सरकून बसले होते. किती दिवसांनी मी त्यांना असं बसलेलं बघितलं! सिनेमा संपल्यावर म्हणाले, "पुढचा कधी मिळेल?"

"नंबर लागला की."

"आणि नंबर डिसेंबरानंतर लागला तर?"

"मग तिकीट पुढे ढकलू. त्यात काय?" मी इतकी सहज बोलले, की माझं मलाच कौतुक वाटलं.

तिकीट जानेवारीत गेलं. दुसरा भाग मी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत काढला. लायब्ररीला फोन करून मुदत वाढवून घेत होते. तिथल्या बाईला वाटत असणार, की या घरातली माणसं फारच सावकाश बघतात. तिसऱ्या भागाला मी सांगितलं, आधीच्या माणसाने कॅसेट परतच केली नाही. त्या नसलेल्या माणसाला बाबांसमोर मी चांगली नावंही ठेवली. "काय एकेक लोक असतात! दुसऱ्याचा विचार म्हणून नाही!" बाबा म्हणाले, "असू दे गं. घरात काही अडचण असेल बिचाऱ्याच्या." नवरा उठून बाथरूममध्ये गेला आणि तिथे हसला. मला ऐकू आलं.

नवऱ्याशी माझं यावरून भांडणही झालं. तो म्हणाला, "अगं, त्यांना सरळ सांग ना, बाबा राहा. हे काय नाटक?" मी म्हणाले, "सरळ सांगितलं की ते सरळ नाही म्हणतील. मग?" तो म्हणाला, "मग त्यांना जाऊ दे." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बोलायचं होतं तेवढं डब्यावर झाकण आपटून बोलले.

मधल्या काळात बाबांना खाली एक ओळख मिळाली होती. तळमजल्यावर एक रशियन आजी लेकाकडे राहायच्या. आठ-दहा वर्षांपूर्वी देश सोडून आलेलं कुटुंब. लेक-सून कामावर, आजी घरात. बिल्डिंगच्या लाँड्रीत बाबांची आणि त्यांची गाठ पडली. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, त्यांचं तोडकंमोडकं. काय बोलत असतील देव जाणे, पण बाबा वाटीभर चिवडा घेऊन खाली जायचे आणि जॅमची बाटली घेऊन वर यायचे. एकदा मी लाँड्रीत गेले, तर आजींनी मला बघून हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जयभीम!" मी चाटच पडले. मला वाटलं, चला, बरं झालं, बाबा रुळायला लागले. माझा बेत फळाला येतोय.

जानेवारीचं तिकीट फेब्रुवारीच्या शेवटावर गेलं. तिसरा भाग पाहून झाला. फ्रेंच सम्राटाचं सैन्य जुन्या राजधानीच्या वेशीशी आलं आणि कॅसेट संपली. डिकीत आता एकच राहिली होती, आणि माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. पासपोर्टवरचा शिक्का मार्चात संपणार. मी एका ओळखीच्या वकिलाशी मुदत वाढवण्याचं बोलले होते, पण बाबांजवळ विषय काढायचा धीर होत नव्हता. रोज सकाळी डिकीकडे बघायचे आणि तशीच ऑफिसला निघायचे.

अशात एक दिवस सकाळपासून बर्फ पडायला लागला. दुपारी ऑफिसने सगळ्यांना घरी पाठवलं. सरपटत, घसरत घरी आले. दार उघडून "बाबा!" म्हणून हाक मारली तर उत्तर नाही. कोट खुंटीला. बूट जागेवर. चपला नाहीत. अशा बर्फात चपला घालून हा माणूस गेला कुठे? धावत जिना उतरले, आणि तळमजल्यावर पोचते तर आजींच्या दारातून तोफांचा आवाज.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत सोफ्याच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला आजी. मध्ये काळा चहा, जॅम, चिवडा. आणि टीव्हीवर आजींच्या स्वतःच्या कॅसेटमधली तीच माणसं, पण आपल्या स्वतःच्या आवाजात रशियन बोलणारी. मागे अख्खं शहर पेटलेलं. हा भाग मी पाहिलेला नव्हता. हा भाग माझ्या गाडीच्या डिकीत होता.

आजींना आनंद झाला. "ये, ये, बस," त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. "आता रडायचा भाग येतो. तुझ्या बाबांना माहीत आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्ही दोघं खूप रडलो. ख्रिसमसच्या आधी."

"ख्रिसमसच्या आधी?" मी बाबांकडे बघितलं. बाबा चिवड्याकडे बघत होते.

मी आजींचा निरोप घेतला, बाबांना घेऊन जिना चढायला लागले, आणि पहिल्या वळणावर माझा स्फोट झाला. "म्हणजे सगळा सिनेमा बघून झालाय तुमचा? आणि वर येऊन मला विचारता, पुढचा कधी मिळेल? मला बावळट बनवता?"

बाबा कठड्याला धरून थांबले. "उभा जन्म लायब्ररीत गेला वं माझा. संच फोडून देणारी लायब्ररी जगात कुठं नसते. अमेरिकेतही नसते. आणि मागे तांदळाची गोणी काढायला तूच मला डिकी उघडायला लावली होती."

माय वं! मी तिथेच पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना, म्हणून चिडलेच. "मग बोललात काहून नाही? तुम्हाला जायचं होतं ना? तिकीट होतं ना तुमच्याकडे? थांबलात कशाला?"

बाबा माझ्याशेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी आल्यापासून तू एकदाही आईचं नाव घेतलं नाहीस. मी काढलं की तू उठते आणि भांडी घासते. घासलेली पुन्हा घासते. तिकडं मला रडायला माणसं होती, बापा. तुझ्या मावश्या होत्या, मोहल्ला होता, तिच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर होत्या. महिनाभर रोज कोणी ना कोणी यायचं, बसायचं, रडून जायचं. तुझ्याकडं कोण आलं?"

कोण आलं होतं? ऑफिसातल्या लोकांनी सह्या केलेलं एक कार्ड आलं होतं. तिसऱ्या दिवशी मी कामावर होते.

"अशा पोरीला टाकून कसा जाऊ?" बाबा म्हणाले. "म्हटलं, तिला वाटते ना आपण बापाला धरून ठेवलं, वाटू दे."

मी उठले. बर्फात गेले, डिकी उघडली आणि चौथी कॅसेट घेऊन वर आले. का, ते मलाही सांगता येणार नाही. बाबांना बसवलं, व्हीसीआर लावला. धुरातून लोक शहर सोडून निघाले होते, हातगाड्या, गाठोडी, पोरं. बाबा शहाण्यासारखे बघत होते, पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. मला ते सहन होईना. मी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

"बाबा, आई कशी गेली? मला सांगा."

फोनवर मला सगळ्यांनी एवढंच सांगितलं होतं, हार्ट अटॅक, काही त्रास झाला नाही. मीही पुढे कधी विचारलं नव्हतं. बाबांनी सांगितलं. सकाळी नळ आला म्हणून ती उठली, पाणी भरलं. ऊन चढायच्या आत कूलरमध्ये पाणी टाका म्हणाली. मग पोळ्या करता करता म्हणाली, छातीत कसंतरी होतंय, आणि खाटेवर येऊन पडली. स्वतः सिस्टर, तिला कळलं होतं. नाडी स्वतःच बघत होती. बाबांना म्हणाली, घाबरू नका, शेजारच्या पोराला ऑटो आणायला सांगा.

"मी म्हटलं, पोरीला फोन लावू का? दोन शब्द बोल." बाबांनी पडद्याकडे बघितलं. "तर म्हणाली, आत्ता नको. तिकडं रात्र असंल. झोपली असंल ती. दिवसभर काम करते. झोपू द्या तिला."

समोर बर्फातून सैन्य चाललं होतं, मुकं, हजारो माणसं, आणि मी बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडले. ओरडून रडले, अगदी मोहल्ल्यातल्या बाया रडतात तसं, "माझे माय" म्हणत. खालच्या आजींना नक्की ऐकू गेलं असणार. बाबाही रडत होते. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि ते मध्ये मध्ये नुसते "हो, माये, हो," म्हणत होते. केव्हा तरी सिनेमा संपला आणि टीव्हीचा पडदा निळा झाला. केव्हा तरी नवरा आला, दारात बूट काढता काढता त्याने आम्हाला बघितलं आणि आत जाऊन कुकर लावला.

त्या संध्याकाळी आम्ही आईबद्दल बोललो. जेवताना, जेवण झाल्यावर, नवराही बोलला. तिच्या भांडणांबद्दल, तिच्या शिव्यांबद्दल, ती पेशंटना कशी झापायची त्याबद्दल. मी एकदाही उठले नाही. भांडी तशीच सिंकमध्ये पडली होती. मध्येच मला हसू यायचं, मध्येच पुन्हा रडू. बाबा चष्मा पुसत बसले होते, आणि मी त्यांच्याकडे नीट बघितलं. किती वाळले होते! इतके महिने माझ्यासाठी इथे खिडकीत बसलेला हा माणूस, आणि मला वाटत होतं मीच त्यांना सांभाळतेय.

मी नाक पुसलं आणि म्हणाले, "बाबा, फेब्रुवारीचं तिकीट आता पुढे ढकलायचं नाही. आहे त्याच तारखेला जा."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पारखून बघितलं.

"जातो," ते म्हणाले. "मेमध्ये तिच्या वर्षाचा दिवस आहे. लोक येतील, तेव्हा दार उघडायला घरात कोणीतरी पाहिजे."